पेशव्यांच्या दरबाराचं चित्र: त्यात वेल्सचं काय, डॅनियलचं काय

शनिवारवाड्यातला माणसांनी गच्च भरलेला दरबार, मागे गणपतीची मूर्ती, कोवळे सवाई माधवराव आणि टिपूविरुद्धच्या तहासाठी आलेला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट. हे चित्र सारखं कुणी ना कुणी पाठवतं आणि खालची ओळ ठरलेली असते: 'स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स याने १७९० साली प्रत्यक्ष पाहून काढलेले दुर्मीळ चित्र'. त्यात चित्रकार चुकलाय (तैलचित्र टॉमस डॅनियलचं आहे), साल चुकलंय, आणि 'प्रत्यक्ष पाहून' तर साफच चुकलंय. 'दुर्मीळ' या शब्दाचा मला वेगळा राग आहे. लंडनच्या टेट संग्रहालयाच्या संकेतस्थळावर ते कुणालाही बघता येतं.

सवाई माधवराव कोण, नाना फडणवीस कोण, टिपूविरुद्ध इंग्रज, निजाम आणि पेशवे एकत्र कसे आले, हे मराठी वाचकाला सांगायची गरज नाही. दोन चित्रकारांमधले किरकोळ फरकही एका दमात उरकतो. वेल्स स्कॉटलंडच्या पीटरहेडचा, जन्म १७४७, शिक्षण अ‍ॅबर्डीनच्या मारिशल कॉलेजात, धंदा व्यक्तिचित्रांचा. टॉमस डॅनियल इंग्लंडचा, वयाने दोनच वर्षांनी लहान, नाव झालं ते निसर्गदृश्यं आणि इमारतींसाठी. १७९३ साली दोघं मुंबईत भेटले, आसपासची लेणी पाहिली.

खरा घोळ आहे तो तीन तारखांचा. तह झाला १७९० मध्ये. वेल्स हिंदुस्थानात आला १७९१ मध्ये. म्हणजे तहाच्या वेळी दरबारात तो नव्हताच, असणं शक्यही नव्हतं. पुढे मॅलेटच्या आश्रयाने तो पुण्यात आला आणि पेशव्यांच्या दरबारातल्या माणसांची चित्रं करू लागला. तहाचं भव्य चित्र करायचं काम मॅलेटने त्याच्याकडेच सोपवलं होतं. रेखाटनं झाली, पण नोव्हेंबर १७९५ मध्ये वेल्स ठाण्याला वारला. सवाई माधवराव जाऊन तेव्हा काही आठवडेच झाले होते. रेखाटनं मॅलेटमार्फत डॅनियलकडे गेली आणि त्याने इंग्लंडमध्ये बसून तैलचित्र पुरं केलं १८०५ मध्ये. प्रसंग, रेखाटनं आणि रंग यांत पंधरा वर्षांचं अंतर.

त्यामुळे 'चित्र वेल्सचं की डॅनियलचं' या प्रश्नाला एका नावाचं उत्तर नाही. चेहऱ्यांची ओळख वेल्सची, चित्र डॅनियलचं. कोण कुठे बसलं, कुणाचा हात कुठे होता, याला पुरावा म्हणून हे चित्र धरू नये. मूळ वाड्याची आगीत १८२८ सालीच राख झाली, म्हणून चित्रातल्या दरबाराच्या दालनाच्या, म्हणजे गणपती रंगमहालाच्या, कल्पनेसाठी लोक याच्याकडे वळतात. वळावंच, पण ही मांडणी मागाहून जुळवलेली आहे हे विसरू नये. शिवाय १७९० मध्ये माधवराव सोळा वर्षांचे होते. वेल्ससमोर आले ते त्यानंतरचे. ऐन वयात आलेल्या मुलाच्या चेहऱ्यात दोन वर्षंही लपत नाहीत.

वेल्सचं स्वतःचं चित्र हवं असेल तर १७९२ चं सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं बघा. ते लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. मला विचाराल तर दरबाराच्या गर्दीपेक्षा हेच कितीतरी मोलाचं, कारण काढणारा आणि ज्यांचं काढलं ते एका काळात, एका शहरात होते. त्यातून नुसते नाना कापून घेऊन 'अज्ञात चित्रकार' असं लिहिणाऱ्यांना तर मी नमस्कारच करतो.

या घोळाचं एक टोक वेल्सच्या घरात आहे. त्याची बायको मार्गारेट, डंडीच्या वॉलेस घराण्यातली, मुलींसह त्याच्याबरोबर इकडे आली होती. वेल्स गेल्यावर काही वर्षांनी, १७९९ मध्ये, थोरली मुलगी सुझाना हिचं लग्न याच चार्ल्स मॅलेटशी झालं. चित्रात मिरवणारा वकील चित्रकाराचा जावई, तोही चित्रकार गेल्यानंतर झालेला. म्हणजे डॅनियल रंग भरत होता तेव्हा काम सांगणाऱ्याच्या घरात वेल्सची मुलगीच नांदत होती. मॅलेटचा थोरला मुलगा अलेक्झांडर पुढे इंग्रज राजदूत झाला. तो वेल्सचा नातू. मॅलेटने अंबर कौर हिच्याबरोबर पुण्यात केलेला संसार सुझानाच्या आधीचा. अंबर कौरचंही चित्र वेल्सने काढलं होतं. दोघींना एकच समजणारेही भेटतात, म्हणून सांगितलं.

आणि हेच सगळं वेरूळच्या बाबतीतही झालंय. तिथल्या लेण्यांचा १८०३ चा चित्रसंग्रह सर्रास डॅनियलच्या नावावर खपवतात. त्यासाठीची रेखाटनं वेल्सची आहेत.