आमवाताच्या रुग्णाचे ताट आणि रक्तातील अँटिऑक्सिडंट : पार्श्वभूमी

सकाळी उठल्यावर मूठ वळेना आणि चहाचा कप धरायला तासभर थांबावे लागले, की रुग्ण डॉक्टरांना गोळ्यांच्या आधी पथ्य विचारतो. ही सवय जुनी आहे. माधवनिदान या जुन्या आयुर्वेद ग्रंथातही आमवाताची कारणे विरुद्ध आहारापासून सुरू होतात. (ग्रंथातला आमवात आणि आजचा रूमेटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे सांध्यांचा चिवट दाह, तंतोतंत एकच मानण्याची घाई करू नये, मराठीत शब्द रुळला आहे, म्हणून येथे वापरला आहे.) लंडनचे आल्फ्रेड गॅरॉड यांनी १८५९ मध्ये या आजाराला त्याचे आधुनिक नाव दिले, ते गाऊटपासून (युरिक आम्लामुळे होणारी सांधेदुखी) तो वेगळा दाखवण्यासाठी.

आहारातील एखाद्या घटकाची कमतरता आजारामागे असेल काय, हा प्रश्न १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियात जेम्स राइनहार्ट यांनी 'क' जीवनसत्त्वाच्या संदर्भात उपस्थित केला. त्याला रसायनशास्त्राचा आधार मात्र बराच उशिरा मिळाला. जो मॅककॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये सुपरऑक्साइड या अतिक्रियाशील ऑक्सिजनला निष्प्रभ करणाऱ्या सुपरऑक्साइड डिसम्युटेज या विकराचे (एन्झाइमचे) कार्य उलगडले आणि १९७४ मध्ये मॅककॉर्ड यांनी दाखवले, की सांध्यातील वंगणद्रवाला दाटपणा देणारे हायलुरोनिक आम्ल सुपरऑक्साइडमुळे तुटते आणि कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा तो द्रव पातळ होतो. पुढे १९८९ मध्ये डेव्हिड ब्लेक आणि सहकाऱ्यांनी आणखी एक दुवा जोडला. सुजलेला सांधा हलवला की आतला दाब वाढून केशवाहिन्या दबतात, रक्तपुरवठा खुंटतो, आणि विश्रांतीत तो परतताना सुपरऑक्साइडसारखी मुक्त मूलके तयार होतात.

यावरून सरळ अनुमान निघाले, की अशा मूलकांना निष्प्रभ करणारे घटक, म्हणजे अँटिऑक्सिडंट, भरपूर खाल्ले तर ते रक्तात वाढतील आणि सांधा वाचेल. आमवाताच्या रुग्णांच्या रक्तात ते कमी असतात, हे अनेक ठिकाणी दिसतही होते. अडचण एवढीच, की कमतरतेमुळे आजार झाला की आजारामुळे कमतरता आली, हे आजारी माणसाचे रक्त तपासून कळत नाही. म्हणून फिनलंडमधील संशोधकांनी निरोगी असताना घेऊन साठवलेले रक्त तपासले. १९९४ च्या त्या अहवालात १,४१९ प्रौढांपैकी २० वर्षांत १४ जणांना आमवात झाला होता, आणि ज्यांची अँटिऑक्सिडंट पातळी आधीच खालची होती त्यांचा धोका बराच जास्त निघाला. १४ ही संख्या तुटपुंजी आहे, हे विसरून चालणार नाही. इंग्लंडमधील नॉरफक येथील पाहणीत २००४ मध्ये, सर्वांत कमी 'क' जीवनसत्त्व घेणाऱ्यांमध्ये सर्वाधिक घेणाऱ्यांच्या तुलनेत अनेक सांध्यांच्या दाहाचे प्रमाण तिपटीहून अधिक आढळले.

रुग्णांचा आहार प्रत्यक्ष बदलून पाहण्याचे काम नॉर्डिक देशांत झाले. ऑस्लोमध्ये उपवासानंतर वर्षभर शाकाहार देऊन रुग्णांना बरे वाटल्याचे १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. फिनलंडमध्ये कुओपिओ येथे न शिजवलेला, केवळ वनस्पतिजन्य आहार तपासला गेला. असा आहार घेणाऱ्यांच्या रक्तात कॅरोटिनॉइड (गाजरासारख्या भाज्यांतील रंगद्रव्ये), 'क' आणि 'ई' यांची पातळी वाढलेली सापडली, पण आमवाताच्या निम्म्या रुग्णांना मळमळ, जुलाब असे त्रास होऊन त्यांनी तो अर्ध्यावर सोडला.

सर्वांत बोलका प्रयोग स्वीडनमधील कालमारचा, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला. ५१ रुग्णांपैकी २६ जणांना क्रीट बेटाच्या धर्तीचा भूमध्यसागरी आहार आणि २५ जणांना नेहमीचा स्वीडिश आहार, असा १२ आठवड्यांचा क्रम होता. पथ्य केवळ कागदावर राहू नये म्हणून पहिले तीन आठवडे दुपारचे आणि रात्रीचे जेवण रुग्णालयाच्या उपाहारगृहातच वाढले गेले. भूमध्यसागरी गटातील रुग्णांच्या आजाराची तीव्रता घटली. त्यांच्या आहारात अँटिऑक्सिडंटयुक्त पदार्थही वाढले. रक्तातील अँटिऑक्सिडंट मात्र वाढले नाहीत, आणि ऑक्सिडेशनची खूण म्हणून मोजलेले लघवीतील मॅलॉनडायअल्डिहाइडही बदलले नाही. त्याच वेळी ज्यांच्या रक्तात रेटिनॉल (म्हणजे 'अ' जीवनसत्त्व) आणि 'क' कमी, त्यांचा आजार अधिक तीव्र, हे नाते तेथेही दिसलेच.

ही विसंगती समजून घ्यायची तर रक्तातील पातळी म्हणजे ताटाचा आरसा हे गृहीतक सोडावे लागते. दाह वाढला की 'अ' जीवनसत्त्व वाहून नेणारे प्रथिन घटते, 'क' खर्ची पडते; 'ई' मेदाबरोबर वाहते, म्हणून कोलेस्टेरॉल लक्षात न घेता काढलेला आकडा फसवा ठरतो. गोळ्यांनीही हा गुंता सोडवला नाही. १९९७ च्या ब्रिटिश चाचणीत 'ई'च्या मोठ्या मात्रेने वेदना थोडी कमी झाली, दाहाच्या मोजमापात फरक पडला नाही. अमेरिकेत ३९ हजारांहून अधिक महिलांवर सुमारे १० वर्षे चाललेल्या चाचणीत 'ई'मुळे आमवात टळल्याचे दिसले नाही.

कालमारच्या संशोधकांनी मग त्याच रुग्णांच्या रक्तातील मेदाम्ले तपासली. २००५ मध्ये त्यांनी मांडले, की ज्यांना चांगला आराम पडला त्यांच्यात ओमेगा-६ चे ओमेगा-३ शी असलेले प्रमाण खाली आले होते.