खनिज पूर्वेक्षणातील पथक-सुरक्षा (नाशिक जिल्हा)

खनिजाचा किंवा बांधकामयोग्य दगडाचा शोध घेत डोंगरात फिरणारे भूवैज्ञानिक, सर्वेक्षक, नमुने वाहणारे मजूर आणि वेधनयंत्रावरचे (जमिनीत भोके पाडणाऱ्या यंत्रावरचे) कामगार यांना अपघातापासून वाचवण्यासाठी पाळली जाणारी कार्यपद्धती. खाणीतला धोका ठरलेल्या जागी असतो. पूर्वेक्षण पथकाची जागा मात्र रोज बदलते. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या खाण अधिनियम, १९५२ नुसार, निव्वळ पूर्वेक्षणासाठी (म्हणजे फक्त शोधासाठी) केलेल्या लहान खोदकामाला (दिवसाला २० पर्यंत माणसे, खोली ६ मीटरपर्यंत, कोळशासाठी १५ मीटरपर्यंत) बहुतेक तरतुदींतून सूट होती. अशा कामात शिस्तीचा सगळा भार पथकप्रमुखावर येतो.

नाशिकचे डोंगर जवळपास सगळे दख्खन ट्रॅपच्या बेसाल्टचे, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे. धातुखनिजे इथे फारशी नाहीत. शोध असतो तो इमारती दगडाचा, मुरमाचा, धरणाच्या पायाला चालेल अशा कातळाचा आणि झिओलाइटांचा, म्हणजे बेसाल्टच्या पोकळ्यांत स्फटिकरूपात वाढणाऱ्या खनिजांचा. पांडवलेणी व सिन्नर परिसरातल्या दगडखाणींतील स्फटिक जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत. ते सापडतात मात्र नुकताच सुरुंग उडवलेल्या दर्शनी भिंतीत, जिथे दगड अजून बसलेला नसतो आणि एखादा न उडालेला बारही राहिलेला असू शकतो. खाणमालकाच्या माणसाने भिंत तपासून दिल्याशिवाय तिच्या पायथ्याशी जाऊ नये.

खरी अडचण भूरूपाची आहे. लाव्हाचे थर आडवे. घट्ट थराचा सरळ कडा होतो आणि सच्छिद्र थराचा उतार. सातमाळा, सेलबारी-डोलबारी, त्र्यंबक, कुठल्याही रांगेत हीच पायऱ्यांची रचना दिसते. १:५०,००० च्या टोपोशीटवर (भूरूप दाखवणाऱ्या सर्वेक्षण नकाशावर) समोच्च, म्हणजे समान उंचीच्या, लगतच्या रेषांत उंचीचा फरक २० मीटर असतो, म्हणजे पंधरा मीटरचा कडा दोन रेषांमध्ये सहज लपतो. नकाशावर सोपी दिसणारी घळ प्रत्यक्षात कड्याच्या तोंडाशी संपते, आणि हे बहुधा संध्याकाळी उतरताना कळते. शिवाय घसारा असतो, आणि थरांमधली तांबडी माती ओली असली की पाय ठरत नाही. बेसाल्ट चुंबकीय असल्याने होकायंत्राची सुईही, विशेषतः माथ्यावर, भरकटते. म्हणून जीपीएस जवळ असले तरी जवळच्या पाड्यावरचा वाटाड्या घ्यावा आणि ‘या वाटेने उतरायचं नाही’ असे तो म्हणाला तर तो शब्द अखेरचा मानावा. पथकप्रमुखाच्या पदवीपेक्षा त्याला इथे जास्त वजन असायला हवे.

परतीची वेळ सकाळीच ठरवून कॅम्पवर लिहून ठेवतात. नमुना अर्धवट राहिला तरी ती वेळ पुढे ढकलू नये. क्षेत्रकाम साधारण ऑक्टोबर ते मार्च या काळात होते. पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबककडे धुके आणि निसरडे कातळ यांमुळे कड्यावरचे काम बंद ठेवणेच योग्य. ऑक्टोबरमधल्या आणि उन्हाळी वळवाच्या विजा मात्र कोरड्या महिन्यांतही गाठतात. ढग गडगडू लागले की डोंगरधारेवरून खाली यायचे, एकट्या झाडाखाली थांबायचे नाही.

हातोडा चालवण्याआधी वर पाहावे, कारण कड्यांना आग्या मोहोळे लटकलेली असतात. धूर आणि उग्र अत्तर त्यांना चालत नाही. माश्या उठल्याच तर हात न झटकता, डोके-तोंड कापडाने झाकून कड्यापासून आतल्या बाजूला दूर जायचे. घाबरून पळताना कडा विसरणे डंखांपेक्षा घातक ठरू शकते. खाली दगडांत फुरसे हा विषारी साप असतो. दगड नेहमी स्वतःकडे ओढून उलटावा, म्हणजे खालून काही निघालेच तर मध्ये दगड राहतो. दोन हातोडे एकमेकांवर मारू नयेत; पोलादाची कपची उडून डोळा जाऊ शकतो. वेधनयंत्राच्या फिरत्या दांड्याजवळ सैल सदरा किंवा गळ्यात गमछा असता कामा नये, हे सांगूनही पुन्हा सांगावे लागते.

मदतीबाबत नाशिकचे डोंगर फसवे आहेत: वरून महामार्ग दिसतो, पण जखमी माणूस तिथवर न्यायला काही तास लागू शकतात. धारेवर मोबाइलची रेंज मिळते, घळीत नाही. त्यामुळे १०८ ला फोन करायला एकाला वर चढावे लागते आणि दुसऱ्याला जखमीजवळ थांबावे लागते. या हिशेबाने दोघांचे पथक अपुरे पडते. किमान तिघे, शिवाय वाटाड्या, असे असावे. पेठ-सुरगाण्याकडे रस्ता नसलेल्या पाड्यांवर रुग्णाला डोलीतून उतरवतात. दोन मजबूत काठ्या, दोर आणि जाड चादर सामानात असेल तर पथकालाही डोली तिथल्या तिथे बांधता येते. सर्पदंश झालेल्याला चालवू नये, दंशाची जागा कापू नये, अवयव हलू न देता प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यावे. ते कोणत्या रुग्णालयात मिळते याची चौकशी काम सुरू होण्याआधीच करून ठेवावी.