कोणीच बोलत नसतं तेव्हा तारेवर काय असतं?

कारखान्यातले वीजमीटर, पंपांचे ड्राइव्ह, सोलर इन्व्हर्टर अशी कितीतरी उपकरणं आजही आरएस-४८५ च्या दोन तारांवरून माहिती देतात-घेतात. हे मानक १९८३ सालचं. ए आणि बी या तारांमधला व्होल्टेजचा फरक +२०० मिलिव्होल्टच्या वर गेला की रिसीव्हर १ वाचतो, −२०० च्या खाली गेला की ०. मधल्या पट्ट्यात तो काय वाचेल, याची मानक हमीच देत नाही.

खरी गडबड शांततेत होते. या तारांवर एका वेळी एकच उपकरण बोलतं. बाकीचे ड्रायव्हर, म्हणजे तारांवर सिग्नल टाकणारे भाग, तारा मोकळ्या सोडतात. बोलणारा थांबला की तारांना धरून ठेवणारं कोणीच उरत नाही. उरतात ते दोन टोकांचे १२० ओहमचे रेझिस्टर. सिग्नल टोकावर आपटून परत येऊ नये म्हणून ते लावतात, पण शांततेत तेच दोन्ही तारा एकाच पातळीवर आणतात. फरक शून्य, म्हणजे नेमका त्या बेभरवशाच्या पट्ट्याच्या मधोमध!

पुढे बसलेला यूआर्ट, म्हणजे एकेक बिट जोडून बाइट बनवणारा भाग, शांतता म्हणजे १ असं धरून चालतो आणि १ वरून ० झालं की नवीन बाइट सुरू झाला असं समजतो. रिसीव्हरने शांततेत ० दिला की त्याला भास होतो. मग मीटरच्या उत्तराआधी एक फुकटचा ०० येतो, चेकसम (चूक पकडण्यासाठी सोबत पाठवलेला आकडा) जुळत नाही आणि मास्टर, म्हणजे प्रश्न विचारणारं उपकरण, अख्खं उत्तर फेकून देतो. मीटर ठणठणीत, प्रोग्रॅमही बरोबर, तरी रीडिंग मधूनच गायब.

टेबलावर हे दिसत नाही, कारण बऱ्याच जुन्या चिप इनपुट उघडं असेल तर १ देतात. साइटवर टोकाचे रेझिस्टर लागले की इनपुट उघडं राहत नाही. अशा वेळी रेझिस्टरच काढून टाकणं मला अजिबात पटत नाही. लांब केबल आणि जास्त वेग असेल तर परतणारे सिग्नल नवा त्रास देतात.

आधी मोजा. सप्लाय बंद करून ए-बी मधला रोध पाहा: साधारण ६० ओहम हवा. १२० आला तर एका टोकाचा रेझिस्टर नाही, ४० आला तर कुठेतरी तिसरा लागलाय. मग सप्लाय चालू करा, मास्टरची विचारणा थांबवा आणि व्होल्टेज बघा. २०० मिलिव्होल्टपेक्षा कमी दिसलं तर बायस, म्हणजे शांततेतही फरक धरून ठेवणारी रेझिस्टरची जोडी, हवा: एक रेझिस्टर ए पासून ५ व्होल्टला, दुसरा बी पासून ग्राउंडला. ६० ओहमवर २०० मिलिव्होल्ट म्हणजे ३.३ मिलिअँपिअर, त्यासाठी प्रत्येकी ७२० ओहमपर्यंत चालतात. मी ५६० घेईन, म्हणजे सुमारे २५४ मिलिव्होल्ट मिळतात. ही जोडी लाइनवर एकाच ठिकाणी लावावी, नाहीतर ड्रायव्हरवरचा भार वाढत जातो. ए-बी ची नावं काही कंपन्या उलटी छापतात. तसं असेल तर बायसही उलटा बसतो आणि कायमचा ० मिळतो.

नव्या फेलसेफ चिपमध्ये १ ची सीमा −५० मिलिव्होल्टवर आणलेली असते, त्यामुळे शून्य फरकही १ च वाचला जातो. तरीही केबलवर मोटारींचा नॉइज असेल तर ५० मिलिव्होल्टची ही फट मला अपुरी वाटते.

आणखी एक जागा हमखास राहून जाते. बोलताना स्वतःचाच आवाज ऐकू येऊ नये म्हणून रिसीव्हर बंद ठेवतात. तेव्हा त्याचा आउटपुट पिन अधांतरी राहतो आणि मायक्रोकंट्रोलर पुन्हा भुताचे बाइट वाचतो. तिथे १० किलोओहमचा एक पुल-अप (पिनला १ वर धरून ठेवणारा रेझिस्टर) पुरतो.