आधी भट्टी, मग बार: पणजी परिसरातील सहलीबद्दल आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गोव्याला गाडी हवी म्हणून फोन येतो तेव्हा पहिली चौकशी किनाऱ्याजवळच्या हॉटेलाची असते आणि दुसरी, "तिकडे स्वस्त मिळते ना?" ही. स्वस्त मिळते. पण निव्वळ तेवढ्यासाठी मंगळवेढा, सांगोला, मिरज करत कोल्हापूरच्या बाजूने आंबोली घाट उतरण्यात काही अर्थ नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. गोव्यात आज काजूच्या फेणीपासून जिन आणि सिंगल माल्ट व्हिस्कीपर्यंत (एकाच डिस्टिलरीत, मोड आणलेल्या बार्लीपासून बनलेली) फार चांगलं काम चालतं. ते काम डोळ्यांनी पाहावं, करणाऱ्यांशी बोलावं आणि मग संध्याकाळी पणजीच्या बारमध्ये एक ग्लास शांतपणे घ्यावा, यासाठी आम्ही ही वेगळी सहल आखली आहे. क्रम हाच ठेवतो: सकाळी भट्टी, दुपारी जेवण आणि विश्रांती, संध्याकाळी बार. क्रम उलटा करून मागितला तर आम्ही नम्रपणे नाही म्हणतो.

छोटी भट्टी वेगळी कशी?

सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला डिस्टिलरी नवीन नाही. साखर कारखान्याला लागूनच आसवनी असते. मळी आंबवतात, उंच स्तंभांतून वाफ चढवतात आणि रात्रंदिवस अखंड चालणाऱ्या त्या यंत्रणेतून ९५-९६ टक्क्यांचं स्पिरिट काढतात. त्या स्पिरिटला मूळ मळीची चव राहू द्यायचीच नसते, तेच तिथलं कौशल्य.

छोट्या भट्टीत एक घाणा भरायचा, तो संपला की भांडं धुवून दुसरा भरायचा. अल्कोहोल साधारण ७८ अंशांना उकळतं आणि पाणी १०० ला. या फरकावर सगळं चालतं, पण वाफेबरोबर फळाचा, धान्याचा किंवा मसाल्याचा वासही वर येतो आणि तो जपायचा असतो. पहिली धार उग्र, डोळ्यांत झोंबणारी असते, ती बाजूला काढतात. शेवटची जड आणि ओशट असते, तीही नको. मधली ठेवायची. मधली कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हे ठरवणारा माणूस त्या भट्टीचा खरा कारागीर. तांब्याचं भांडं दिसायला छान म्हणून वापरत नाहीत. आंबवण्यात तयार होणारे गंधकाचे वाईट वास तांबं धरून ठेवतं, म्हणून ते लागतं.

केव्हा जायचं

गड्ड्याची जत्रा आटोपली की आमच्याकडे फोन सुरू होतात. जानेवारीत गोव्याची हवा उत्तम, पण काजूची भट्टी तेव्हा थंड असते. बोंडू, म्हणजे काजूची फळं, पिकून खाली पडायला लागतात ते फेब्रुवारीच्या अखेरीपासून, आणि भट्ट्या पेटलेल्या असतात त्या मार्च ते मे. फेणी होताना पाहायची असेल तर एप्रिलसारखा महिना नाही. उकाडा असतो, घामाच्या धारा लागतात, तरी आमचा सल्ला एप्रिलचाच. गुऱ्हाळ बघायला कोणी पावसाळ्यात जात नाही, तसंच हे. फक्त जिन आणि व्हिस्कीत रस असेल तर वर्षभरात कधीही चला. श्रावणात आम्ही ही सहल काढत नाही.

फेणीची भट्टी

सहलीत सगळ्यात जास्त वेळ आम्ही इथे देतो, कारण असं काम देशात दुसरीकडे सहसा बघायला मिळत नाही. काजूचं झाड पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलकडून आणलं. आपण बी खातो, गोवेकरांनी बोंडूही वाया जाऊ दिला नाही. बोंडू झाडावरून तोडत नाहीत, पिकून आपोआप पडलेलाच उचलतात. बी पिळून वेगळी करतात आणि बोंडू कातळात कोरलेल्या कुंडात टाकून पायांनी तुडवतात. अलीकडे बऱ्याच ठिकाणी यंत्र आलं आहे, पण पायांनी तुडवणारे अजून आहेत. तुडवून झालेल्या चोथ्याचा ढीग रचून त्यावर वजन ठेवलं की थेंबथेंब रस गळतो, तो नीरो. गोड, गार आणि घशाला किंचित आवळणारा. पिणारा असो वा नसो, सकाळचा ताजा नीरो प्रत्येकाने चाखावा. दुपारपर्यंत तो आंबायला लागलेला असतो.

तुडवलेला रस साधारण तीन दिवस आपल्या आपणच आंबतो. त्यात पाणी नाही, साखर नाही, बाहेरचं यीस्टही नाही. मग तो भाणात, म्हणजे भट्टीच्या मोठ्या हंड्यात जातो. तोंड लाकडी बुचाने आणि मातीने लिंपून बंद करतात, खाली लाकडाचा जाळ. वाफ नळीतून लावणी नावाच्या गोल भांड्यात उतरते. जुन्या पद्धतीत एक माणूस शेजारी बसून त्या भांड्यावर करवंटीच्या डावाने सतत पाणी ओतत राहतो, कारण भांडं गार राहिलं तरच वाफेची धार होते. ओतणाऱ्याचा हात थांबत नाही, आणि बोलतानाही त्याची नजर जाळावरून हलत नाही. बहुतेक भट्ट्यांमध्ये आता पाण्याच्या टाकीत बुडवलेली तांब्याची गुंडाळी असते. काम सोपं झालं आहे, जाळाचा अंदाज मात्र अजून माणसाचाच.

पहिल्या वेळी उतरतो तो हुर्राक. सौम्य असतो, फळाचा वास भरभरून येतो, आणि टिकत नाही म्हणून फक्त हंगामातच मिळतो. हुर्राक आणि आंबलेला रस एकत्र करून पुन्हा भट्टीवर चढवला की फेणी. तिचा जोर ४२-४५ टक्क्यांच्या घरात. जुने भट्टीवाले थोडी फेणी ग्लासात घेऊन हलवतात आणि वर आलेले बुडबुडे किती वेळ टिकतात यावरून जोर सांगतात. मापकाने तपासल्यावरही उत्तर जवळपास तेच येतं. आपल्या मंडळींनी हे नक्की करून दाखवायला सांगावं. मोठ्या आनंदाने दाखवतात.

काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या सोलापुरी चादरीला आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला आहे, तेच. वास उग्र येतो म्हणून पुष्कळजण पहिल्याच घोटाला नाक मुरडतात. त्यांना आमची विनंती आहे की भट्टी बघून झाल्यावर पुन्हा एकदा चाखा. कुंडातल्या पिकल्या बोंडूंचा वास आणि ग्लासातला वास एकच आहे हे एकदा कळलं की नाक आपोआप मोकळं होतं. दक्षिण गोव्यात कान्सावलीला फझेंदा काझुलो ही मंडळी ठरवून येणाऱ्यांना फेणी समजावून सांगतात. कांदोळीला फेणीच्या जुन्या भांड्याबाटल्यांचं संग्रहालयही आहे. दोन्हींसाठी आम्ही आधी वेळ घेऊन ठेवतो.

जिन आणि व्हिस्की

जिनची गोष्ट अगदी वेगळी. इथे धान्यापासून किंवा मळीपासून बनलेलं, चव नसलेलं स्पिरिट बाहेरून आणतात आणि जुनिपरची फळं, धणे, संत्र्या-लिंबाची साल असं साहित्य घालून पुन्हा भट्टीवर चढवतात. म्हणजे सगळी कारागिरी मसाल्यात. भारतातली नव्या लाटेची जिन २०१७ मध्ये 'ग्रेटर दॅन'पासून सुरू झाली, पाठोपाठ हिमालयातलं जुनिपर वापरणारी 'हपुसा' आली, 'स्ट्रेंजर अँड सन्स' आली. तिन्ही गोव्यात बनतात. धणे आणि सालींचे वास आपल्या घरातल्या बायकांना पुरुषांपेक्षा लवकर ओळखता येतात, हे आम्ही गटागटांत बघितलं आहे. तेव्हा जोडीने या.

व्हिस्कीसाठी कुंकळ्ळीला पॉल जॉनची डिस्टिलरी आहे. त्यांची सिंगल माल्ट २०१२ मध्ये आधी लंडनमध्ये विकायला आली आणि मग आपल्याकडे. व्हिस्की मुरवायच्या लाकडी पिंपांची कोठी नीट बघा. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातून वर्षाला दोनेक टक्के दारू हवेत उडून जाते, गोव्याच्या उकाड्यात ते प्रमाण आठ टक्क्यांच्या आसपास जातं. उष्णतेने लाकडाचा अर्कही भरभर उतरतो, त्यामुळे इथली व्हिस्की कमी वर्षांत तयार होते आणि तिथल्यासारखी पंधरा-वीस वर्षं पिंपात ठेवणं परवडत नाही. बाटलीवर वय कमी दिसलं म्हणून माल कच्चा समजू नका.

पणजीचे बार

बारसाठी आम्ही पणजी निवडतो, किनारा नाही. फोंताइन्हास आणि सांतोमेच्या जुन्या गल्ल्यांतून एका बारमधून दुसरीकडे पायी जाता येतं, गाडी हॉटेलवरच राहते. सांतोमेतला जोझेफ बार अगदी लहान आहे. बसायला जागा मिळेलच असं नाही, लोक ग्लास घेऊन दारात उभे राहतात. हंगामात तिथे हुर्राक घ्या: लिंबू, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची आणि वरून लिम्का. मिरचीचा झटका आधी जिभेला लागतो आणि त्यामागून काजूचा गोडवा येतो. कोकम घातलेली लालबुंद फेणीही तिथे चांगली मिळते. नव्या धाटणीचे कॉकटेल बारही पणजीत बरेच निघाले आहेत. ते बदलत असतात, म्हणून त्या त्या महिन्यात कोणते चांगले चालले आहेत ते आम्ही निघण्याआधी सांगतो.

कॉकटेल मागवताना एक विचारा: आज कोणत्या भट्टीची फेणी किंवा जिन आहे? सकाळी बघितलेल्या भट्टीचं नाव आलं तर तेच घ्या. आणि पहिलं पेय कमी गोड मागा. साखरेच्या पाकाखाली दारूचा दर्जा कळत नाही आणि किती घेतली तेही कळत नाही.

तब्येत सांभाळून

४२.८ टक्क्यांच्या ३० मिलिच्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असतं आणि ते निस्तरायला शरीराला तासभर तरी लागतो. थंड पाण्याची आंघोळ, कॉफी, लिंबूपाणी यांनी हा वेळ कमी होत नाही. भट्टीवर चाखायला देतात ते घोटघोट असतं, पण चार ठिकाणचं मिळून मोजलं पाहिजे. चाखून थुंकून टाकण्यात कमीपणा नाही. रोज हेच काम करणारे लोक तेच करतात. उपाशीपोटी तर नकोच. गाडीत कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा आम्ही ठेवतोच, आपलाही आणा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर दारूने रात्री साखर एकदम खाली येऊ शकते. डॉक्टरांना विचारूनच ठरवा. न पिणारे या सहलीला आले तर त्यांना कोणी आग्रह करायचा नाही, हा आमचा नियम आहे आणि तो आम्ही पाळून घेतो.

गाडी, कायदा, बाटल्या

आमचा चालक सहलभर एक थेंबही घेत नाही. "भाऊ, एवढ्याशाने काय होतंय" असं म्हणून त्याच्यापुढे ग्लास करू नका. रक्तात १०० मिलिला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पण आम्हाला दंडापेक्षा घाटातल्या वळणांची काळजी जास्त आहे. त्याच कारणाने पणजीत भाड्याची दुचाकी घेऊन बारला जाणाऱ्यांची जबाबदारी आम्ही घेत नाही.

गोव्यात पिण्याचं वय २१ आहे. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनला २१, पण इतर दारूला २५. किनाऱ्यावर उघड्यावर पिणं आणि बाटल्या फोडणं यावर गोव्यात दंड होतो.

बाटल्यांविषयी सगळ्यात जास्त वाद होतो, म्हणून स्पष्टच लिहितो. गोव्यात विक्रीसाठी असलेल्या दारूवर महाराष्ट्राचा कर भरलेला नसतो. ती इकडे आणणं हा गुन्हा आहे, आणि तपासणीत सापडली तर गाडीसुद्धा जप्त होते. एखाद्याच्या बॅगेतल्या दोन बाटल्यांपायी आमच्या चालकाची रोजीरोटी जाऊ शकते. म्हणून परतीला निघताना आम्ही प्रत्येकाला सामानाबद्दल विचारतो, त्याचा राग मानू नका. आठवण हवी तर काजू घ्या, कोकम घ्या.

गोव्याला जमत नसेल तर

अकलूजजवळ मोटेवाडीला फ्रातेल्लीचे द्राक्षमळे आणि वाइनरी आपल्याच जिल्ह्यात आहेत. एका दिवसात जाऊन येता येतं. तिथे भट्टी नाही, वाइन फक्त आंबवतात, उकळत नाहीत. पण आंबवणं नीट समजलं की पुढे गोव्याची सहल दुप्पट कळते. द्राक्ष तोडणीच्या दिवसांत, म्हणजे जानेवारी ते मार्चमध्ये गेलात तर उत्तम.

नोंदणी

भाड्यात गाडी, इंधन, टोल आणि चालकाचा भत्ता येतो. भट्टीची प्रवेश फी, खाणंपिणं आणि हॉटेल ज्याचं त्याचं. गट लहान ठेवतो, कारण भट्टीवर गर्दी झाली की काम करणाऱ्यांची अडचण होते आणि आपल्यालाही काही ऐकू येत नाही. वयाच्या पुराव्यासाठी सगळ्यांचं ओळखपत्र नोंदणीच्या वेळीच लागेल. गांधी जयंती आणि निवडणुकीच्या काळात बार बंद असतात, त्या तारखा आम्ही घेत नाही. फेणीच्या सहलीसाठी होळीच्या आधी नाव द्या. नेमकी तारीख मात्र बोंडू किती पिकले ते भट्टीवाल्यांना विचारून आम्ही नंतर कळवू. अवकाळी पाऊस झाला तर ती आठवडाभर पुढेमागे होऊ शकते, तेवढी सवड ठेवून रजा टाका.