खिडकी पांढरी, कोपरा काळा

तारकर्लीतल्या एखाद्या घरगुती लॉजची खोली घ्या. जांभ्याच्या भिंती, लाल कोबा, एक पलंग आणि माडांच्या बागेत उघडणारी खिडकी. मालकाला बुकिंगच्या साइटवर टाकायला फोटो हवेत, फोटोग्राफर परवडत नाही, म्हणून घरातलंच कुणीतरी मोबाइल घेऊन दारात उभं राहतं. दुपारचं लख्ख ऊन पडलेलं असतं. फोटोत खिडकीच्या जागी पांढरा डाग उमटतो आणि पलंगाची पलीकडची बाजू अंधारात जाते. डोळ्यांना तर बाग आणि पलंग दोन्ही छान दिसत होतं. मग घरात सगळ्यांचं एकमत होतं की, कॅमेराच चांगला घ्यायला हवा.

माझं मत वेगळं आहे. खोलीचा फोटो बिघडतो तो प्रकाशातल्या तफावतीमुळे, आणि ती तफावत महागड्या कॅमेऱ्यासमोरही तेवढीच असते. ती नीट समजली तर हातातला मोबाइल किंवा सेकंडहँड कॅमेरा, एक साधा ट्रायपॉड आणि थोडा धीर एवढ्यावर भागतं.

भर दुपारच्या उन्हात साधारण एक लाख लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) प्रकाश असतो. त्याच वेळी खोलीच्या कोपऱ्यात शंभर लक्स असला तरी पुष्कळ. म्हणजे हजार पटींचा फरक. फोटोग्राफर हा फरक ‘स्टॉप’मध्ये मोजतात आणि प्रत्येक स्टॉपला प्रकाश दुप्पट होतो, तेव्हा हजार पट म्हणजे दहा स्टॉप. त्यात बाहेरची चुन्याची भिंत पांढरीफेक आणि आतला पलंग गडद शिसवी असेल तर आणखी चार स्टॉप वाढतात. चांगल्या, मोठ्या सेन्सरची (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चकतीची) धाव जवळपास इथे संपते. मोबाइलचा इवलासा सेन्सर त्याच्या बराच अलीकडे थांबतो.

मग डोळ्यांना कसं जमतं? बाहुली दोनपासून आठ मिलिमीटरपर्यंत उघडते, पण त्याने प्रकाश फार तर सोळा पट कमीजास्त होतो. खरं काम पुढे घडतं. डोळा खोली एका दमात पाहतच नाही. डोळ्याच्या मधल्या अगदी छोट्या भागाला स्पष्ट दिसतं, आणि तो भाग सेकंदाला दोनतीनदा जागा बदलत खिडकी, उशी, कोपरा असा फिरत राहतो. दृष्टिपटल त्या त्या जागेच्या उजेडाशी जुळवून घेतं, आणि मेंदू हे सगळे तुकडे जोडून आपल्यापुढे एक सलग खोली उभी करतो. कॅमेऱ्याला मात्र एकाच उघडझापीत सगळं पकडायचं असतं.

ही अडचण फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. ऑगस्ट १८३५ मध्ये फोटोग्राफीच्या आद्य संशोधकांपैकी एक असलेल्या विल्यम हेन्री फॉक्स टॅलबटने इंग्लंडमधल्या लॅकॉक अ‍ॅबी या आपल्या घरी एक छोटा लाकडी कॅमेरा आतूनच खिडकीकडे तोंड करून ठेवला. त्याला मिळालेली निगेटिव्ह आज टिकून असलेल्यांपैकी सर्वांत जुनी मानली जाते. आकार जेमतेम टपाल तिकिटाएवढा. भिंगातून पाहिलं तर खिडकीची सुमारे दोनशे तावदानं मोजता येत होती, असं त्याने स्वतः नोंदवून ठेवलं आहे. खिडकीभोवतालच्या खोलीची मात्र त्या कागदावर काही खूण नाही.

तोड निघाली ती फ्रान्समध्ये. १८५०च्या दशकात गुस्ताव्ह ल ग्रे हा फोटोग्राफर समुद्राचे फोटो काढत होता. आभाळ नीट आलं की पाणी काळं पडायचं. म्हणून त्याने आभाळाची एक आणि पाण्याची दुसरी अशा दोन निगेटिव्ह वापरून एकच चित्र छापलं. आज खोलीसाठी आपल्याला हेच करायचं आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवा. आयएसओ (सेन्सरची संवेदनक्षमता) १००, अ‍ॅपर्चर एफ ८ (म्हणजे लेन्सचं छिद्र मध्यम उघडं). पहिला फोटो १/१२५ सेकंदाचा, म्हणजे शटर तेवढाच वेळ उघडं: बाग छान येईल, खोली काळी. मग १/३०, १/८, अर्धा सेकंद आणि शेवटी दोन सेकंद, ज्यात पलंगाखालची चप्पलसुद्धा दिसेल आणि खिडकी पार पांढरी होईल. बटण हाताने दाबू नका, टायमर लावा, म्हणजे कॅमेरा हलणार नाही. हे पाच फोटो ‘एनफ्यूज’ या फुकट सॉफ्टवेअरला दिले की ते प्रत्येकातला नीट उजळलेला भाग उचलून एकत्र आणतं. त्यामागची पद्धत मर्टेन्स, काउट्झ आणि व्हॅन रीथ या संशोधकांनी २००७ मध्ये मांडली. मोबाइलमधला ‘एचडीआर’ (उजेड-अंधार दोन्ही सांभाळणारा मोड) असंच काही आपोआप करतो, पण तो हातात धरून वापरायचा असल्यामुळे त्याला दोन सेकंद थांबण्याची मुभा नसते.

ट्रायपॉडवर माझा एवढा भर असण्याचं आणखी एक कारण आहे. प्रकाश सेन्सरवर कणाकणाने, फोटॉनच्या रूपात पडतो आणि हे कण पावसाच्या थेंबांसारखे अनियमित येतात. एखाद्या ठिपक्यावर सरासरी १०० फोटॉन पडत असतील तर त्यात दहाएक इकडेतिकडे होणारच, म्हणजे दहा टक्के चूक. तेच १०,००० पडले तर चूक शंभराची, म्हणजे एकच टक्का. अंधाऱ्या फोटोत भिंतीवर जे रवाळ ठिपके दिसतात, त्यांचा मोठा भाग हाच. महागडा कॅमेरा मोठ्या सेन्सरवर जास्त फोटॉन गोळा करतो. आपण शटर जास्त वेळ उघडं ठेवून तेच करू शकतो, कारण पलंग कुठे पळून जात नाही. लग्नात किंवा क्रिकेटच्या मैदानात ही सोय नाही.

एवढी खटपट नको असेल तर सूर्यास्ताची वाट पाहा. कोकणच्या अक्षांशावर सूर्य मावळल्यानंतर साधारण २२ ते २५ मिनिटांत बाहेरचा उजेड काहीशे लक्सवरून तीनचार लक्सपर्यंत उतरतो. खोलीतले दिवे लावलेले असतील तर या उतरणीत कुठेतरी बाहेरचा आणि आतला उजेड बरोबरीला येतो. ती पाचसात मिनिटं साधली की एकाच फोटोत दोन्ही मिळतं. ट्रायपॉड आधीच लावून ठेवा आणि दर मिनिटाला एक फोटो घ्या. नंतर निवडता येईल. त्या वेळी डोक्यावरचं आभाळ जो गडद निळा रंग धरतं, त्याचं कारण दिवसाच्या निळाईहून वेगळं आहे. तिरप्या किरणांना ओझोनच्या थरातून लांबचा प्रवास करावा लागतो आणि ओझोन त्यातला नारिंगी-पिवळा भाग शोषून घेतो. एडवर्ड हलबर्ट या भौतिकशास्त्रज्ञाने १९५३ मध्ये हे दाखवून दिलं. माडांच्या झावळ्यांमागे ही निळाई आणि आत दिव्यांचा पिवळा उजेड, याहून चांगली जोडी मला तरी ठाऊक नाही.

दिवसा मात्र दिवे बंदच ठेवा. उजेडाचा रंग केल्व्हिनमध्ये मोजतात, आकडा जितका मोठा तितका उजेड निळा. पिवळा बल्ब सुमारे २७०० केल्व्हिनचा, पांढरी ट्यूब ६५०० च्या आसपास आणि सावलीतल्या खिडकीतून येणारा आभाळाचा उजेड त्याहूनही निळा. तिन्ही एकाच भिंतीवर पडले की एकीकडे हळदीचा डाग आणि दुसरीकडे निळसर पट्टा येतो. कुठलाही एक व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेऱ्यात केलेली रंगाची जुळणी) दोन्ही सुधारू शकत नाही. लाल कोब्यावरून उसळलेल्या उजेडाने चादरीला येणारी गुलाबी झाक थोडी राहू द्यावी, ती त्या खोलीचीच आहे. फारच वाटली तर फ्रेमबाहेर स्टेशनरीच्या दुकानातली थर्माकोलची शीट जमिनीवर टाका. कोबा पॉलिशने चकाकत असेल तर पोलरायझर फिल्टर (चकाकी कापणारी, लेन्सपुढे लावायची काच) उपयोगी पडतो, विशेषतः उजेड उभ्या रेषेपासून ५५-६० अंश तिरका येत असेल तेव्हा. आरशावर त्याचा काही उपयोग नाही, धातूच्या मुलाम्यावरून परतणारा प्रकाश तसा ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणारा) होत नाही. आरशात आपण दिसत असू तर जागाच बदलायची.

आता वाइड लेन्स. नवशिक्याला सगळ्यांत मोठा मोह याचा, आणि मला सगळ्यांत जास्त खटकतं तेही हेच. मोबाइलच्या ०.५ एक्स लेन्सला आडवं सुमारे १०८ अंशांचं दिसतं. दहा बाय दहाची खोली हॉलसारखी भासते. फोटोतली खोली खरी वाटायची असेल तर फोटो ठरावीक अंतरावरूनच पाहावा लागतो, आणि हे अंतर साध्या त्रिकोणमितीने निघतं. १५ सेंटिमीटर रुंदीचा असा फोटो डोळ्यापासून साडेपाच सेंटिमीटरवर धरला तरच प्रमाणं बरोबर दिसतील. तसा कुणी धरत नाही. शिवाय कडेच्या वस्तू ताणल्या जातात: मध्यापासून ४५ अंशांवरचा गोल दिवा बाहेरच्या दिशेला उंचीच्या १.४ पट होऊन अंड्यासारखा दिसतो.

म्हणून साध्या लेन्सनेच, पाठ भिंतीला टेकवून, कॅमेरा छातीच्या उंचीवर आणि अगदी ओळंब्यात धरून फोटो काढा. वर किंवा खाली किंचित कलला तरी भिंतींच्या उभ्या कडा एकमेकींकडे झुकतात. सगळी खोली एका फोटोत मावत नसेल तर दोन घ्या, आणि खाली लांबी-रुंदी फुटांत लिहा. रात्रभर प्रवास करून पोरंबाळं घेऊन येणाऱ्या पाहुण्याला तिसरी गादी पडेल की नाही, एवढंच आधी कळायला हवं असतं.