गरगरणाऱ्या चाकाशिवाय उत्तर दिशा शोधणारी रीळ

जायरोस्कोप, म्हणजे आपण किती फिरतोय ते सांगणारं यंत्र, म्हटलं की डोळ्यासमोर गरगर फिरणारं चाक येतं, पण फायबर ऑप्टिक जायरोत फिरणारं काहीच नसतं, आत असते फक्त केसासारख्या काचेच्या तंतूची एक रीळ. एकाच सोर्सचा प्रकाश दोन भागांत फोडायचा, एक भाग रिळीतून घड्याळाच्या दिशेने सोडायचा, दुसरा उलट दिशेने, आणि शेवटी दोघांची गाठ घालून द्यायची. रीळ स्थिर असेल तर दोघं एकदमच पोचतात. पण प्रकाश आत असताना रीळ जराशी जरी फिरली तरी बाहेर पडायची जागा सरकलेली असते, मग एकाला अंतर जास्त पडतं आणि दुसऱ्याला कमी. हे 1913 मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज सॅन्याकने आरसे लावून दाखवलं होतं, आणि 1976 मध्ये अमेरिकेत यूटा विद्यापीठात वाली आणि शॉर्टहिल यांनी आरशांऐवजी फायबर वापरला, कारण फायबरला हवे तेवढे वेढे देता येतात आणि प्रत्येक वेढ्याचा फरक बेरजेत जातो.

आता हा फरक केवढा ते बघा. 1 किलोमीटर फायबर, 10 सेंटीमीटर व्यासाची रीळ, म्हणजे जवळपास 3,200 वेढे. पृथ्वी फिरते तासाला 15 अंश. एवढ्याने दोन्ही प्रकाशांच्या वाटेत फरक पडतो हायड्रोजनच्या अणूच्या साधारण पाव भागाएवढा! आणि हे खरंच मोजतात.

जमतं कसं, तर दोघं एकाच फायबरमधून जातात, त्यामुळे बाकीची गडबड दोघांनाही सारखीच लागते आणि वजाबाकीत उडून जाते. उष्णता मात्र छळते. रिळीच्या एका टोकाजवळ तापमान बदलत असेल तर तिथून एक प्रकाश आधी जातो आणि दुसरा जवळपास 5 मायक्रोसेकंदांनी नंतर, तेवढ्यात फायबर किंचित बदललेला असतो आणि जायरोला वाटतं आपण फिरलो. यावर उपाय गुंडाळण्यात आहे. फायबरच्या मध्यापासून सुरुवात करायची, एक थर या अर्ध्याचा, दोन थर त्या अर्ध्याचे, परत एक या अर्ध्याचा, म्हणजे मध्यापासून सारख्या अंतरावरचे भाग शेजारी येतात आणि सारखेच तापतात. माझ्या मते खरी कारागिरी इथेच आहे. गंमत म्हणजे यात शक्यतो लेसर वापरत नाहीत, फायबरमध्येच विखरून मागे येणारा लेसरचा प्रकाश मूळ प्रकाशात मिसळून सिग्नल खराब करतो, म्हणून जास्त पसरट रंगपट्ट्याचा सोर्स घेतात.

आणि यातून उत्तर दिशा कशी सापडते? रीळ चाकासारखी उभी धरून हळूहळू वळवायची. तिचा अक्ष उत्तरेकडे आला की पृथ्वीच्या फिरण्याचं रीडिंग सगळ्यात जास्त, पूर्व-पश्चिम झाला की शून्य. शून्य जास्त अचूक पकडता येतं, म्हणून आधी पूर्व-पश्चिम गाठून मग 90 अंश वळणं सोयीचं पडतं. ही खरी भौगोलिक उत्तर, जवळच्या लोखंडाचा तिला काही फरक पडत नाही. फक्त ध्रुवावर कसंही वळवा, रीडिंग शून्यच.