सांडव्यावरची पोती

तरण्या पावसाची झड लागली होती. बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या एका गावाच्या वरच्या अंगाला, ओढ्यावरच्या मातीच्या बंधाऱ्यावर आम्ही छत्र्या सावरत उभे होतो. बंधारा म्हणजे तीन-चार पुरुष उंचीचा भराव, पाण्याच्या बाजूला दगडी पिचिंग म्हणजे दगडांचं अस्तर, एका टोकाला सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट. या सांडव्याच्या उंबऱ्यावर कुणीतरी वाळूची पोती रचली होती. फूटभर उंच, फटी चिखलाने लिंपलेल्या. कामात कसर नव्हती.

"फुकट वाहून जातंय की ओ पाणी," सोबतचे मामा म्हणाले. "एवढं अडलं तर उन्हाळ्यात जनावरांना तरी होईल."

त्यांच्या हिशेबाने ते चुकीचं नव्हतं. पण हा बंधारा पाणी साठवायला बांधलेलाच नव्हता. मोठ्या सरीनंतर ओढा खालच्या भातशिवारात घुसायचा आणि नुकती लावलेली रोपं चिखलासकट उपसून न्यायचा, म्हणून तो बांधला. पूर अडवणाऱ्या बंधाऱ्याची खरी कमाई त्याच्या रिकाम्या जागेत असते. काठोकाठ भरलेलं तळं पूर अडवत नाही, वरून आला तसा खाली पाठवतं.

आकडे मांडून बघू. दोन चौरस किलोमीटरच्या पाणलोटावर तीन तासांत 100 मिलिमीटर पाऊस पडला, तर दोन लाख घनमीटर पाणी झालं. जमीन आधीच भिजलेली असेल तर त्यातलं साठ टक्के, म्हणजे 1 लाख 20 हजार घनमीटर, ओढ्यात येईल. ते तीन तासांत वाहिलं तर सेकंदाला सरासरी 11 घनमीटर. तेच पाणी बंधाऱ्याने पोटात घेऊन बारा तासांत सोडलं, तर सेकंदाला तीन घनमीटरसुद्धा नाही. पाणी तेवढंच, पण आता ते ओढ्याच्या पात्रात मावतं.

या युक्तीला मर्यादाही आहे, आणि ती मोकळेपणी सांगितलेली बरी. दोन-चार तासांच्या ढगफुटीसारख्या सरीला लहान बंधारा चांगला उपयोगी पडतो. ऑगस्ट 2019 सारखा पाऊस दिवसेंदिवस कोसळत राहिला, तर त्याचं पोट पहिल्याच दिवशी भरतं. शिवाय फायदा लगतच्या शिवारालाच. दोन-तीन ओढे येऊन मिळाले की पुढे त्याचा मागमूस राहत नाही. मलप्रभा किंवा घटप्रभेचा पूर असल्या बंधाऱ्यांनी थांबत नाही. त्यासाठी घटप्रभेवरच्या हिडकलसारखं 51 टीएमसीचं धरण लागतं, आणि तिथेही जुलैत किती जागा रिकामी ठेवायची हीच चिंता असते. आपल्या जिल्ह्यात हे गणित गावागणिक बदलतं. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीत वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस, अथणीकडे पाच-सहाशे. अथणीचा शेतकरी तळं भरलं म्हणून नारळ फोडेल, कणकुंबीकडच्या माणसाने भरलेलं तळं बघून जरा धास्तावायला हवं.

आता त्या पोत्यांकडे येऊ. सांडव्याचा उंबरा भरावाच्या माथ्यापेक्षा समजा तीन फूट खाली आहे. फूटभर पोती रचली की दोन फूट उरले. वाटतं, एक तृतीयांश वाट कमी झाली. प्रत्यक्षात सांडव्यावरून जाणारं पाणी खोलीच्या दीडव्या घाताने बदलतं. खोली तीनाची दोन झाली की वाहून नेण्याची ताकद 54 टक्क्यांवर येते. जवळजवळ निम्मी! वर पूर साठवायची फूटभर जागाही आधीच भरलेली.

मग पाणी माथ्यावरून जातं. काँक्रीटचं धरण हे थोडा वेळ सोसू शकतं, मातीचं नाही. वर्षानुवर्षांत भराव जिथे थोडा दबलेला असतो, बहुधा मधोमध, तिथून पाणी उतरतं. बाहेरच्या उतारावर ते वेग घेतं, पायथ्याची माती उकरतं आणि खाच मागे सरकत माथ्याकडे येते. खाच मोठी झाली की पाणी जास्त, पाणी जास्त की खाच आणखी मोठी. एकदा हे सुरू झालं की माणसाच्या हातात काही राहत नाही.

दुसरा धोका आतून येतो. मातीचा प्रत्येक बंधारा थोडा पाझरतो, त्याला घाबरायचं कारण नाही. मधला चिकणमातीचा गाभा पाणी रोखतो आणि पायथ्याची वाळू-खडीची गाळणी उरलेलं पाणी मातीचे कण धरून ठेवत बाहेर सोडते. बघायचं ते पाझराचा रंग. मामांनी काचेच्या ग्लासात पायथ्याचं पाणी धरलं आणि दगडावर ठेवलं. दहा मिनिटांनी तळाशी काही बसलं नव्हतं. गढूळ पाणी आलं असतं तर भराव आतून कणाकणाने वाहून चाललाय असा त्याचा अर्थ होता. भरावाच्या आत पाण्याने कोरलेली नळी अशीच रुंदावत जाते.

चिपळूणजवळचं तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं, तेव्हा दोष खेकड्यांवर गेला होता. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. खेकडा बीळ करतो, घूसही करते, हे खरं. पण बीळ वाढायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात कुणीतरी भरावावरून चालत जायला हवं. 2021 च्या धरण सुरक्षा कायद्यात मुळात 15 मीटरपेक्षा उंच धरणं येतात, 10 ते 15 मीटरची काही अटींवर. आमचा बंधारा दहाच्या आतला. त्याचा निरीक्षक म्हणजे गुरं चारायला येणारा पोरगा.

बंधारा रिकामा करायचा तोही सावकाश. गेट एकदम उघडलं तर तळ्यातलं पाणी झटकन उतरतं, पण भरावात मुरलेलं तितक्या लवकर निघत नाही. पाण्याचा आधार गेलेला ओला उतार मग तळ्याच्या बाजूला घसरतो.

मामांनी ग्लास ओतून टाकला. "मग पोती?" त्यांनीच विचारलं आणि उत्तराची वाट न बघता दोन पोरांना हाक मारली. अंधार पडायच्या आत सगळी पोती निघाली. त्यातली दोन मामांच्या गोठ्याच्या दाराशी अजून आहेत, पागोळ्यांचं पाणी आत येऊ नये म्हणून.